खोदाईआधीचा जोखीम-अहवाल: दोन लाख बारा हजारांत काय आलं

१,८०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,१२,४०० रुपये. बिल बघून माझे दीर म्हणाले, "वहिनी, एवढ्यात आपला जेसीबी महिनाभर फिरला असता." फिरला असता, खरंय. पण कुठे फिरला असता आणि कशाला दात लावला असता, ते त्यांनी विचारलं नाही.

मी वाडियातून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर सासरच्या ठेकेदारीत शिरले. चौदा वर्षं झाली, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरगुती गॅसच्या पिवळ्या-नारिंगी नळ्या जमिनीखाली टाकणं हेच काम. आम्ही मुख्य ठेकेदाराच्या हाताखालचे. पैसे मीटरवर. चर खोदा, नळी टाका, जोड द्या, वॉर्निंग मॅट अंथरा, माती दाबा, वर पेव्हर किंवा डांबर. खाली मुरूम निघो, कातळ निघो, कोणाची केबल निघो, दर आधीच ठरलेला. जमिनीच्या पोटात काय आहे त्याचा जुगार आम्ही खेळायचा आणि तो आमच्याच पैशाने.

मागच्या ऑक्टोबरात धनकवडीतल्या आतल्या रस्त्यांवर १,७५० मीटरचं काम होतं. १२५ मिलिमीटरची मुख्य नळी, तिला ६३ च्या फांद्या. त्यासाठी आम्ही पहिल्यांदाच बाहेरच्या कंपनीकडून काम सुरू होण्याआधीचा जोखीम-अहवाल विकत घेतला. कंपनी पुण्यातलीच, दहाबारा माणसांची. नाव लिहीत नाही. त्यांनी काही गोष्टी फार चांगल्या केल्या, काही वाईट केल्या, आणि नाव घातलं की लोक वाईट तेवढंच लक्षात ठेवतात. पण धंद्यातल्या लोकांना असली सेवा घ्यावी की नाही हा प्रश्न पडतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ही अवदसा का आठवली ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत आम्ही चर न खोदता एचडीडीने नळी टाकली होती. एचडीडी म्हणजे एका खड्ड्यातून रॉड आडवा घुसवायचा, दुसऱ्या खड्ड्यातून बाहेर काढायचा, मग भोक मोठं करत नळी मागे ओढून आणायची. रस्ता फुटत नाही, लोक ओरडत नाहीत, महापालिकेच्या पथ विभागाला भरायचे पैसे वाचतात. लेक टेस्ट पास झाली, गॅस सोडला, बिल निघालं. पुढच्या पावसाळ्यात एका सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं. त्यांच्या प्लंबरने चेंबरमधून बांबूच्या पट्ट्या घातल्या तर दर वेळी हातभर आत काहीतरी आडवं लागायचं. त्याने मोबाइलचा दिवा लावून आत बघितलं आणि वॉचमनला म्हणाला, आत नारिंगी पाइप आहे. आमच्या जुन्या बॅरिकेडचा पत्रा त्या वॉचमनने स्वतःच्या खोलीवर टाकला होता, त्यावर माझा नंबर होता. त्याने फोन केला म्हणून आज मी हे लिहितेय.

मी जाऊन चेंबरमध्ये वाकले. सहा इंची ड्रेनेजच्या नळीच्या पोटातून आमची गॅसची नळी आरपार गेली होती आणि तिच्यावर केस, कापडाच्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा अडकला होता. मशीनवाल्याला काही कळलं नव्हतं. चिनी मातीचा जुना पाइप फुटताना यंत्राच्या काट्यावर थरथरसुद्धा येत नाही. याला क्रॉस बोअर म्हणतात. आणि यातली भीती अशी की अपघात त्या दिवशी होतच नाही. तो दोन वर्षांनी होतो, कोणीतरी तुंबलेलं ड्रेनेज मोकळं करायला मोटरवाला कटर घालतो तेव्हा. चार बारपर्यंत दाबाचा गॅस ड्रेनेजमध्ये सुटतो, हवेपेक्षा हलका म्हणून वर चढतो, आणि त्याला वर जायला आयती वाट म्हणजे सगळ्यांच्या मोऱ्या आणि संडास. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आलं की एक ठिणगी पुरते. गॅसला मुद्दाम घातलेला मर्कॅप्टनचा वास ड्रेनेजच्या वासात किती जणांना ओळखू येईल, सांगा.

त्या प्लंबरकडे मोटरचा कटर नव्हता, बांबू होता. एवढंच. आम्ही दोन्ही बाजूंनी नळी चिमटून गॅस अडवला, बारा मीटर तुकडा बदलला, सोसायटीचं ड्रेनेज स्वखर्चाने नवीन करून दिलं. चूक आमचीच होती. हातातल्या नकाशात त्या सोसायटीची जोडणी नव्हती आणि आम्ही चेंबरचं झाकण उचलून बघितलं नव्हतं. झाकण उचलायला पहार आणि दोन माणसं लागतात, दहा मिनिटं लागतात.

तर धनकवडीच्या वेळी मी हट्टाने हा अहवाल घेतला.

कोटेशनवर 'प्री-कन्स्ट्रक्शन रिस्क असेसमेंट' असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात कामाचे चार भाग. आधी कागद: कुठल्या खात्याची कुठली लाइन कुठून जाते ते गोळा करणं. मार्च २०२३ पासून सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे, त्यावर खोदाईची नोंद टाकणं हेही त्यातच. मग रस्ता पायी चालणं. मग यंत्रं. मग निवडक जागी हाताने खड्डे खणून खात्री. शेवटी अहवाल आणि दोन तासांची बैठक.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी चार जण आले. दोन पोरं रडारचा गाडा ढकलणारी, एक मुलगी टोटल स्टेशनवर, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीवर, आणि एक साठीचे साहेब. साहेबांनी उभं आयुष्य मोठ्या स्टीलच्या गॅसलाइनवर काढलेलं. गळ्यात मफलर, खिशात पिवळा खडू. मला वाटलं होतं हे खुर्ची टाकून बसतील. त्यांनी पहिले दीड दिवस रडार गाडीतून उतरवूच दिला नाही. चेंबरची झाकणं उचलायला लावली. एकेचाळीस झाकणं. प्रत्येकात एक पोरगं पोटावर पालथं पडून टेप सोडायचं, तळाची खोली ओरडून सांगायचं, आणि साहेब झाकणावर खडूने आकडा लिहायचे. प्रत्येक बंगल्याच्या फाटकासमोर उभं राहून विचारायचे, "तुमचं ड्रेनेज कुठल्या बाजूने बाहेर पडतं?" अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. मग बादलीभर पाणी न्हाणीत ओतायला लावून कुठल्या चेंबरमध्ये आवाज येतो ते ऐकायचे. या एका कामाला मी पाचपैकी पाच देते. रडार बिडार राहू द्या बाजूला.

रडारबद्दल लोकांच्या फार भाबड्या कल्पना असतात. जमिनीखालचा एक्स-रे वगैरे. तसं काही नसतं. गाडा लहरी सोडतो, खाली वेगळ्या जातीचं काही लागलं की त्या परततात, आणि पडद्यावर कमानी उमटतात. कमानीच्या टोकाखाली काहीतरी आहे इतकंच कळतं. पाण्याची लोखंडी लाइन आणि जाड केबल दिसायला सारखीच. खोल बघणारी अँटेना बारीक बघत नाही, बारीक बघणारी खोल जात नाही. आणि आपली काळी माती ओली असेल तर ती लहरी गिळून टाकते. मुरमात ज्या खोलीपर्यंत दिसतं त्याच्या निम्मंही दिसत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात धनकवडीच्या सखल भागातली माती कशी असते ते पुणेकराला सांगायला नको. ही माझी पहिली तक्रार. पडदा अर्धा वेळ धुरकट होता. महिनाभर थांबा, माती वाळू द्या, असं त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच घाई होती." होती. पण डॉक्टरने पेशंटच्या घाईने टाके काढायचे नसतात.

रडारच्या जोडीला लोकेटर असतो. धातूची लाइन आणि वाहत्या विजेची केबल तो पकडतो. इथे त्यांनी एक गोष्ट अशी केली की मी मनात टोपी काढली. दुसऱ्या दिवशी पाचला गाडी भरून निघाले, आणि संध्याकाळी साडेसातला साहेब आणि एक पोरगं परत हजर. मी विचारलं, काही विसरलं का? साहेबांनी वर बोट दाखवलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. दिवसा त्या केबलमधून वीज वाहत नाही, म्हणून लोकेटरला ती दिसत नाही. दिवे लागल्यावर पुन्हा चाललं की दिसते. अख्ख्या रस्त्यात फुटपाथच्या कडेने जाते असं सगळे धरून चाललेली ती केबल तीन ठिकाणी तिरपी रस्ता ओलांडत होती. आमच्या चराच्या बरोबर वाटेत. चौदा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमचे मुकादम अण्णा म्हणाले, "वहिनी, आपण दोनदा तोडलीय अशी केबल, दिवसाच." बरोबर.

आता विहिरीचं.

एका चौकाच्या कोपऱ्यावर रडारच्या पडद्यावर थर एकदम मोडले. पाचेक मीटर नुसता गोंधळ. पोरांनी 'भराव' असं लिहून पुढे ढकललं. साहेब थबकले, कारण कोपऱ्यावर उंबर होता. त्यांनी आधी कात्रजच्या नळाचा संशय घेतला. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधून आणलेला तो दगडी नळ, मध्येमध्ये त्याचे उच्छ्वास, म्हणजे वर हवेला उघडणारी तोंडं. त्याची नेमकी वाट आजच्या रस्त्यांच्या नकाशावर कोण दाखवणार? २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं काम चालू असताना जमिनीखाली जुना बोगदा लागला होता, तेव्हा अख्खं पुणं बघायला लोटलं होतं. दक्षिण पुण्यात खोल बोअर मारायचं तर हा विचार करावाच लागतो, आणि त्यांच्या अहवालात त्यावर एक स्वतंत्र पान होतं, चांगलं होतं.

पण हा नळ नव्हता. समोरच्या घराच्या पायरीवर एक आजी गवार मोडत बसल्या होत्या. साहेब त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "आजी, हा उंबर कोणी लावला?"

"लावतंय कोण त्याला? पाण्याला आला तो."

"पाणी होतं का इथे?"

"विहीर होती आमची. पानशेत फुटलं त्या साली मी सून होऊन आले, तेव्हा मोट चालायची हितं. पुढं बिल्डिंगा झाल्या, राडारोडा टाकून बुजवली. ह्यांना लई वाईट वाटलं." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही गॅसवाल्या का? आमच्याकडं कधी येणार?"

बुजवलेली विहीर दिसायला निरुपद्रवी, पण बोअरिंगवाल्याला विचारा. रॉड राडारोड्यात शिरला की बेंटोनाइटचं पाणी, म्हणजे भोक धरून ठेवणारा मातीचा चिखल, पोकळीत गडप होतं, भोक ढासळतं, एखाद्या सळईला टेकून रॉडचं तोंड भलतीकडे वळतं. आणि समजा नळी गेली पार, तरी तो भराव पुढची कितीतरी वर्षं बसत राहतो आणि नळी खाली ओढली जाते. आम्ही त्या कोपऱ्यावर रस्त्याची बाजू बदलली. अठरा मीटर नळी जास्त गेली, दोन एल्बो जास्त लागले. अहवालाचे अर्धे पैसे माझ्या मते तिथेच वसूल. पण ते रडारमुळे की गवारीमुळे, हे मात्र विचारू नका.

अहवाल आला सेहेचाळीस पानांचा, स्पायरल बाइंडिंग, पुढे चकचकीत कव्हर, कव्हरवर आमच्या कामाशी काडीचा संबंध नसलेल्या कुठल्यातरी रिफायनरीचा फोटो.

यातलं सगळ्यात मोलाचं पान अकरावं. मथळा साधाच, 'सर्वेक्षणाच्या मर्यादा'. त्यांनी काय बघितलं नाही, याची ती यादी. कुठल्या साखळीपासून (म्हणजे सुरुवातीपासून मोजलेल्या मीटरपासून) कुठल्या साखळीपर्यंत माती ओली असल्याने एक मीटरच्या खालचं सांगता येत नाही. प्लास्टिकच्या नळ्या, बोअरवेलच्या, सोसायट्यांच्या खासगी, सापडल्या नसण्याची शक्यता धरून चला. कुठे गाड्या उभ्या होत्या म्हणून गाडा गेला नाही. नकाशावरच्या प्रत्येक रेषेला अक्षर दिलेलं: ए म्हणजे खड्डा खणून डोळ्यांनी बघितलेली, बी म्हणजे यंत्राने पकडलेली, सी म्हणजे झाकणं-खांब वगैरे खुणांवरून ताडलेली, डी म्हणजे नुसती कागदावरची. ब्रिटिश आणि अमेरिकन मानकांत ही उतरंड आहे, यांनी ती रंगात छापली होती. मी अण्णांना एवढंच शिकवलं: ए असेल तिथे जेसीबी चालवा, बाकी सगळीकडे आधी फावडं. अण्णा सातवी शिकलेत, त्यांना हे एका मिनिटात कळलं. जो अहवाल मुकादमाला वाचता येतो तो चांगला, अशी माझी कसोटी आहे.

आणि सगळ्यात टाकाऊ पानं म्हणजे २३ ते ३१, जोखमीचा तक्ता. चौतीस जोखमी, प्रत्येकीला शक्यतेचे एक ते पाच गुण, परिणामाचे एक ते पाच गुण, दोन्हींचा गुणाकार, आणि त्यावरून हिरवा-पिवळा-लाल. सगळीकडे हेच करतात, मला माहीत आहे. पण गुणाकार बघा ना. रोज घडणारी पण क्षुल्लक गोष्ट, पाच गुणिले एक, पाच. शेजाऱ्याच्या कुंड्या फुटणं. आणि क्वचित घडणारी पण माणसं मारणारी गोष्ट, एक गुणिले पाच, तेही पाच. क्रॉस बोअरमधून ड्रेनेजमध्ये गॅस जाणं. दोन्ही हिरव्या! तक्त्यात कुंड्या आणि स्फोट मांडीला मांडी लावून बसले होते. बैठकीत मी हे दाखवलं तेव्हा तक्ता करणारा मुलगा गोरामोरा झाला. साहेबांनी मात्र लगेच मान्य केलं आणि ज्यात माणूस दगावू शकतो अशा जोखमी गुणाकारातून काढून वेगळ्या पानावर घेतल्या, प्रत्येकीपुढे 'काम सुरू होण्याआधी काय केलं पाहिजे' हा रकाना घातला. क्रॉस बोअरपुढे लिहिलं: बोअरच्या आधी आणि नंतर ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून चित्रण. हे पान आधीच असायला हवं होतं. दोन लाख घेऊन ते ग्राहकाला सांगायला लागू नये.

शिवाय तो तक्ता आमच्यासाठी केलेलाच नव्हता. एकोणिसावी जोखीम वाचून दीर खुर्चीवरून पडायचे राहिले: 'भरतीच्या पाण्याने चर भरणे'. कुठल्यातरी कोकणातल्या कामावरून उचललेलं. दीर म्हणाले, "आंबिल ओढ्याला भरती आली की मला कळवा." आणि शेवटचा रकाना, 'जबाबदारी कोणाची', चौतीसच्या चौतीस ओळींत एकच शब्द: ठेकेदार. परवानगी उशिरा आली, ठेकेदार. नळीचा माल उशिरा आला, ठेकेदार. एप्रिल संपला की महापालिका खोदाई थांबवते, त्याआधी काम न झाल्यास, ठेकेदार. मुलाला काय, कॉपी-पेस्ट. पण तो कागद उद्या वादात मुख्य ठेकेदाराच्या हातात पडला तर माझ्याच पैशाने माझ्याविरुद्ध पुरावा. तो रकाना मी बदलून घेतला, तीन वेळा फोन करून.

काम नोव्हेंबरात सुरू झालं आणि जानेवारीच्या अखेरीला संपलं. अहवाल कुठे खरा ठरला, कुठे नाही?

दिव्यांच्या तिन्ही तिरप्या केबली बरोबर खुणेवर निघाल्या. ड्रेनेजची एकही जोडणी फुटली नाही. बोअरच्या आधीचं आणि नंतरचं चित्रण माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे. एका सोसायटीच्या बोअरवेलची प्लास्टिकची नळी आमच्या फावड्याने कापली गेली, तासाभरात ३५० रुपयांत जोडून दिली. ती यांची चूक नाही, अकराव्या पानावर लिहिलेलं होतं.

कातळात मात्र त्यांनी मार खाल्ला आणि आम्हाला खायला लावला. करारात दहा खड्डे होते. सहाव्या आणि आठव्या खड्ड्यात दगड दीड मीटरच्या खाली लागला, म्हणून त्यांनी मध्ये सरळ रेष ओढून दिली. सातवा खड्डा खणलाच नव्हता. का? त्या जागी एक गाडी उभी होती, मालक गावाला गेलेला. ही नोंदही अकराव्या पानावर एका ओळीत होती, पण नकाशावरची रेष मात्र आत्मविश्वासाने काढलेली, तुटक नव्हे. प्रत्यक्षात तिथे नव्वद सेंटिमीटरवर काळा कातळ लागला. नळीच्या डोक्यावर सहसा एक मीटर माती ठेवायची, म्हणजे चर त्याहून खोल. आपल्याकडचा दगड असा पायऱ्यापायऱ्यांनी वरखाली होतो, हे पुण्यात विहीर खणलेला कोणीही सांगेल. दोन खड्ड्यांमध्ये शंभरावर मीटर अंतर ठेवून रेष ओढणं म्हणजे अंदाजपंचे. शेहेचाळीस मीटर दगड फोडायचा ब्रेकर लावावा लागला, तीन रात्री गेल्या, एका काकांनी गॅलरीतून आमच्यावर पाणी ओतलं. मी न खणलेल्या खड्ड्याचे पैसे परत मागितले. कुरकुर न करता ४,५०० रुपयांची क्रेडिट नोट आली. ब्रेकरचं भाडं त्याच्या कितीतरी पट होतं, पण निदान वाद घातला नाही.

आता माझी स्वतःची चूक, कारण रिव्ह्यू म्हणजे नुसतं दुसऱ्याला झोडपणं नव्हे. मी मुख्य ठेकेदाराला दर दिला ऑगस्टमध्ये आणि अहवाल घेतला ऑक्टोबरमध्ये. म्हणजे हळद लागल्यावर पत्रिका बघितली. कुठे दगड, कुठे बोअर मारता येणार नाही, कुठे बाजू बदलायची, हे सगळं कळलं तेव्हा दर कागदावर सही होऊन गेलेला. विहिरीपाशी वाढलेल्या अठरा मीटरचे पैसे मला मिळाले, पण ब्रेकरच्या तीन रात्री माझ्या खिशातून गेल्या.

याच मुद्द्यावर साहेब एकदा चहाच्या टपरीवर उभे राहून जे बोलले ते अहवालात कुठेच नाही, आणि खरं तर तेच छापायला हवं होतं. ते म्हणाले, मोठ्या स्टीलच्या लाइनला जोखीम सुरुवातीलाच गोठते. आसपास वस्ती किती दाट यावरून जागेचे एक ते चार वर्ग पाडतात. बी-३१.८ या गॅसलाइनच्या अमेरिकन मानकात पहिल्या वर्गाला ०.७२ आणि चौथ्या वर्गाला ०.४० असा गुणांक आहे; गुणांक लहान तर भिंत जाड. दाब तोच, व्यास तोच, पोलाद तेच, तरी चौथ्या वर्गात नळीची भिंत १.८ पट जाड लागते. आज शेत आहे म्हणून पहिला वर्ग धरला, नळीची ऑर्डर दिली, आणि आठ वर्षांनी तिथे टाऊनशिप उभी राहिली की मग काय नळी जाड होणार आहे का? हिंजवडी-वाघोली आठ वर्षांत कशी बदलते ते आपण बघितलंय. म्हणून पहिल्या महिन्यातला प्रश्न 'आज काय आहे' एवढाच नसतो.

दुसरं त्यांनी बेल्जियममधल्या गिलेंगियांचं सांगितलं. ३० जुलै २००४. मोठी गॅसलाइन फुटली, २४ माणसं गेली. नळीला ओरखडा पडला होता तो त्याच्या आधी, शेजारच्या बांधकामाच्या यंत्राने. नळी तशीच तग धरून होती, दाब वाढला तेव्हा फाटली. साहेबांनी कप ठेवला आणि अण्णांना म्हणाले, "लागलं तर सांगायचं. कोणाला ओरडणार नाही म्हणून आधीच ठरवून ठेवायचं." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या दिवसापासून आमच्या माणसांचा तोडफोडीचा दंड बंद केला. पूर्वी केबल-नळीला धक्का लागला की हजेरी कापायचो. मग कोण सांगेल? माती ओढून मोकळे व्हायचे.

कोणी घ्यावं? चर किलोमीटरच्या वर असेल, एचडीडी असेल, जुनी गावठाणं शहरात आलेली जागा असेल, तर घ्याच. पेठांत काम असेल तर आणखी महत्त्वाचं. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर परवानगीचे, हे रेघ मारण्याआधी कळलेलं बरं. साठ-सत्तर मीटरच्या फांदीला घेऊ नका, तेवढ्यात हातखोदाई होते. घेतलंत तर खड्डे पन्नास मीटरवर मागा, रडारचे मीटर कमी झाले तरी चालतील. तक्ता कोरा मागवा आणि स्वतः भरा. अकरावं पान आधी वाचा. ते पान नसेल तर बिल देऊ नका.

गुण म्हणाल तर पायपिटीला पाच, यंत्राला तीन, कागदाला दोन, नंतरच्या वागणुकीला चार.

वारज्याच्या पुढच्या कामाचा दर मी अजून दिलेला नाही. साहेबांनाच बोलावलंय. कोटेशनवर तीन अटी हाताने लिहून सही घेतलीय: काळी माती वाळल्याशिवाय गाडा आणायचा नाही, खड्ड्यावर गाडी उभी असेल तर दुसऱ्या दिवशी परत यायचं, आणि कव्हरवर रिफायनरी नको.